थेंबावरची बाग

सकाळच्या वेळी कोठीआबांच्या दारात उभं राहून हाक मारली, की घराच्या अंधाऱ्या खिडकीतून एका बाईचा आवाज यायचा, "आज ते पपईत हायत."

हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी आल्या पावली परत फिरलो होतो. साताऱ्याहून कोल्हापूरच्या शाळेत माझी बदली होऊन आठवडाही झाला नव्हता. नवं गाव, नवी गल्ली, आणि शेजारच्या घरातली न दिसणारी बाई मला सांगत होती की तिचा नवरा पपईत आहे. मी मुलांना सृष्टिज्ञान शिकवत असे. भुतंखेतं नसतात हे वर्गात छाती ठोकून सांगत असे. पण वर्गात खिडक्या मोठ्या होत्या आणि सोबतीला पोरं होती.

दुसऱ्या दिवशी खिडकी म्हणाली, "आज केळीत." मी धीर करून घराला वळसा घातला आणि मागच्या अंगणात गेलो. पाहतो तर केळीच्या आळ्यात चौरंग मांडलेला, त्यावर लंगोट लावलेला एक सडसडीत म्हातारा बसलेला, आणि तो तांब्यानं डोक्यावर पाणी घेत मोठमोठ्यानं गंगेचं नाव घेत होता. त्याच्या अंगावरचं पाणी चौरंगावरून ओघळून थेट केळीच्या मुळाशी जात होतं. मला बघून तो म्हणाला, "या पावणं. जरा बाजूनं या. तुमच्या पायाखाली अळू हाय, त्येची पाळी उद्या हाय."

असे हे कोठीआबा. रोज एका झाडाखाली अंघोळ. पाळी चुकली तर ते त्या झाडाची खरोखर माफी मागत. संस्थानच्या कोठीवर त्यांची हयात गेली होती. पागेला दाणा, देवळांना शिधा, वाड्यावरच्या मुदपाकखान्याला तांदूळ, सगळं त्या कोठीतून मापून जायचं. नवे महाराज गादीवर आले त्या सुमारास आबा कामावरून मोकळे झाले, पण मापटं काही त्यांच्या हातातून सुटलं नाही. पाण्याला ते पाणी म्हणतच नसत. शिधा म्हणत. जाईला मापटंभर, कडीपत्त्याला चिपटंभर, अनंताचं झाड जुनं आणि मानाचं म्हणून त्याला शेरभर. संध्याकाळी मी कट्ट्यावर बसलेलो असलो की कुंपणापलीकडून त्यांचं चाललेलं ऐकू यायचं. "जाईचा शिधा झाला. अनंत अजून उपाशी हाय. सोनटक्का, तू दांडगाई करू नकोस, मापात, मापात!"

त्यांच्याकडं पाहुणचार घेणं म्हणजे एक परीक्षाच होती. प्यायला पाणी दिलं तर फुलपात्र अर्धंच भरलेलं असे. आपण दोन घोट घेऊन खाली ठेवलं, की आबा ते लगेच उचलत आणि राहिलेलं पाणी कुणाला तरी नेऊन देत. कुणाला, हे परत येऊन सांगतसुद्धा. "तुमचं उष्टं तोंडलीला घातलं बघा. तिला चालतंय." जेवणानंतर हात धुवायला गेलेल्या माझ्या बायकोला त्यांनी मागून ओरडून सांगितलं होतं, "वहिनी, तिथं नगो, मिरचीत धुवा!" ती बिचारी त्यानंतर त्यांच्याकडं जेवायला गेलीच नाही.

एकदा गावाबाहेर एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावरून आम्ही दोघं चाललो होतो. टळटळीत दुपार. बंगल्यापुढं हिरवंगार गवत राखलेलं होतं आणि माळी त्यावर कातडी पखालीनं पाणी सोडत होता. पाणी गवतावरून वाहत रस्त्याच्या गटारात चाललेलं. आबा थांबले. त्यांचा चेहरा असा झाला, की मला वाटलं यांना आता घेरी येणार. ते कुंपणाशी गेले आणि माळ्याला म्हणाले, "कुणाला पाजतुयास रं?"

"गवताला," माळी म्हणाला.

"ह्या वक्ताला? आरं, हे पाणी गवताला न्हाय, सूर्याला चाललंय. त्येनं मागितलंय व्हय?"

माळी आमच्याकडं बघतच राहिला. परत येताना वेशीशी आबा एकदम म्हणाले, "मास्तर, कोठीत उंदीर अन् बागेत ऊन. दोघं बी आपल्या डोळ्यांदेखत खातात, अन् माप भरताना कळतंय." म्हणून अंघोळीचं आणि उष्टं पाणी सोडलं, तर ते सूर्य बुडाल्याशिवाय झाडांना थेंब देत नसत, आणि प्रत्येक आळ्यावर पाचोळ्याची जाड गादी घालून ठेवत. पाचोळा त्यांच्यासाठी सगळ्या गल्लीनं साठवायचा, असा त्यांचा हुकूम होता.

बाग खरी आक्काची. आक्का म्हणजे आबांची बायको, गडहिंग्लजकडची, खिडकीतला तो आवाज. त्यांना मूलबाळ नव्हतं. एक एक रोप तिनं माहेराहून, देवळातून, कुणाकुणाच्या परसातून आणून लावलेलं होतं. मग तिची दृष्टी गेली, आणि पुढं संधिवातानं पायही धरले. तेव्हापासून ती खिडकीशी बाजेवर पडून असायची आणि बागेची खबर आबांच्या तोंडून ऐकायची. आमचा पाहुणचार ओसरीवरच व्हायचा, म्हणून मी तिला पाहिलं नव्हतं. घरात उजेड कमी आणि खिडकी खोल, त्यामुळं आवाज मात्र अंधारातून यायचा, आणि तो यायचा तेव्हा आपल्याला कुणीतरी बघतंय असंच वाटायचं.

त्या वर्षी पाऊस पडलाच नाही म्हटलं तरी चालेल. आषाढात चार शिंतोडे आले, श्रावणात उन्हं तापली. पुढचा चैत्र उजाडला तोवर रंकाळ्याच्या कडेचा चिखल वाळून त्याच्या खपल्या निघाल्या होत्या आणि कळंब्याहून हौदाला येणारं पाणी करंगळीएवढं झालं होतं. आमच्या गल्लीच्या सामाईक विहिरीत घागर सोडली की तळाच्या दगडावर आपटायची. मग पंचांनी ठरवलं, दर घराला ठरावीक घागरी, त्याहून जास्त नाही. बागेचं नाव कुणी काढलं नाही, पण सगळ्यांच्या नजरा आबांच्या कुंपणाकडं होत्या. आबा उठले आणि म्हणाले, "माझ्या घरच्या घागरीत मी काय करायचं ते माझं मी बघीन. वर एक थेंब मागणार न्हाय."

त्यांनी काय करायचं ते त्यांना महादेवाच्या देवळात सापडलं. चैत्रात पिंडीवर गळती टांगतात, बुडाला भोक असलेलं पात्र, त्यातून थेंब थेंब पाणी देवाच्या माथ्यावर पडत राहतं. आबा गाभाऱ्यात कितीतरी वेळ त्या थेंबाकडं बघत उभे राहिले, आणि तिथून निघाले ते तडक कुंभारवाड्यात गेले.

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. मडक्याला मुद्दाम भोक पाडतात ते आपल्याकडं एकाच वेळी, माणूस गेल्यावर, चितेला फेरे घालताना. किंवा गेलेल्याच्या नावानं दहा दिवस पाण्याचं गाडगं टांगतात, ते. आबांनी कुंभाराला सांगितलं, "बारकी मडकी दे, असतील तेवढी. अन् बुडाला भोक पाडून दे." कुंभाराचा हात थांबला. त्यानं डोक्यावरचा पटका काढला आणि हलक्या आवाजात विचारलं, "आबा, घरातलं कोण गेलं?"

"अजून कुणी न्हाय," आबा म्हणाले, "पर सगळी जायला टेकल्यात. म्हणून तर घाई हाय."

ते झाडांविषयी बोलत होते. कुंभाराला काय ठाऊक! त्यानं टोपली पुढं सरकवली आणि आत जाऊन कडी लावली. आबा मडकी डोक्यावर घेऊन घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. गल्ली खांद्यावर पंचे टाकून त्यांच्या दारात जमली. कुणी बांबूची चौकशी करून आलं होतं. आबांनी सगळ्यांकडं एकदा पाहिलं, टोपली खाली उतरवली आणि म्हणाले, "आलाच हायसा तर पाय धुऊन जावा. चिकूत."

लोक पाय न धुताच परतले.

दुसऱ्या दिवसापासून त्या अंगणाकडं पाहणं नको झालं. प्रत्येक झाडाच्या बुडाशी तीन काठ्यांची तिवई आणि तिला टांगलेलं भोकाचं मडकं. भोकातून कापडाची वात खाली आलेली. वातीच्या टोकाशी थेंब फुगायचा, लोंबायचा आणि मातीत जायचा. आवाज नाही, काही नाही. दुपारी सगळी गल्ली दारं लावून पडलेली असायची, वारा मेलेला असायचा, आणि त्या एवढ्या शांततेत ती एवढी मडकी आपापलं काम करत असायची. एखादं मडकं उगीचच हळू हळू फिरायचं. माझी बायको कुंपणाकडच्या खिडकीला गोणपाट लावून बसली. मी तिला समजावून सांगितलं की हा केवळ पाणी वाचवण्याचा एक उपाय आहे. ती म्हणाली, "मग गोणपाट काढा की तुमच्या हातानं." मी काढलं नाही. तसं काढायचं काही कारणही नव्हतं, ऊन फार येत होतं.

वैशाख सरता सरता आबांनी कुंपणाला आतून उंच तट्टे बांधले आणि अंगणाचं फाटक आतून बंद केलं. कुणी हाक मारली तर स्वतः बाहेर येत आणि फाटक मागं ओढून घेत. "तिला बरं न्हाय. कुणी येऊ नगासा," एवढंच बोलत. त्यांची अंघोळ बंद झाली. खिडकीतला आवाजही बंद झाला. आता ते कुठल्या झाडात आहेत हे सांगणारं कुणी उरलं नाही.

आणि मग आवाज सुरू झाला.

मी दुपारी आडवा झालो होतो. डोळा लागतोय न लागतोय तोच कानावर आलं, टप. मग बराच वेळ काही नाही. मग टण्, जरा लांबून. मग तिसरीकडून कुठून तरी, जड, ढब्ब. मी उठून बसलो. बायको आधीच उठून बसली होती. तिनं माझ्याकडं बघितलं. इतके दिवस ती मडकी मुकी होती. पाणी तेच, मडकी तीच, वात तीच. मग आताच ती बोलायला का लागली, याचं माझ्या सृष्टिज्ञानात उत्तर नव्हतं. रोज दुपारी तो आवाज यायचा. मी डोक्यावर उशी घेऊन पडायचो आणि उशीतूनही पुढच्या थेंबाची वाट बघायचो. थेंब पडला की दचकायचो. नाही पडला तर जास्तच.

गल्लीच्या तोंडाशी हसनभाई नालबंदाचं दुकान होतं. तालमीत कसलेला माणूस, बिथरलेला घोडा एका हातानं धरायचा. तो एका संध्याकाळी माझ्याकडं आला आणि उंबऱ्यातच बसला. "मास्तर, कोठीआबा रोज महाद्वारात मोगऱ्याचा गजरा घेत्यात. मी स्वतः बघितलं."

"मग?"

"मग काय मग! गल्लीला कितींदा फुलं वाटल्यात त्येनी, घरात मोगऱ्याचं एवढं झाड! अन् म्हातारा माणूस बाजारात गजरा कशापायी घेतोय? आक्का दिसती का कुणाला? आवाज तरी येतोय का?" तो जवळ सरकला. "आज मी कुंपणापाशी गेलतो. शेळी गेलती तिकडं. आबा आत कुणाशी तरी बोलत हुते. 'ऊठ की गं. किती झोपतीस? प्यालीस का न्हाय?' असं. या अल्ला, मी शेळी तिथंच सोडून आलो बघा."

माझ्या मानेवर काटा आला, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही. बायको आतून म्हणाली, "गेल्या हो आक्का. कधीच गेल्या. त्यांनी सांगितलं नाही कुणाला." मग गल्लीनं नेहमीप्रमाणं ठरवलं की शिकलेल्या माणसानं जाऊन पाहावं. शिकलेला माणूस गल्लीत मी एकटाच होतो. हसनभाई फाटकापर्यंत येईन म्हणाला. त्याच्या पुढं का नाही, हे मी विचारलं नाही, कारण मला ते चांगलंच समजत होतं.

गेलो ते दुपारी. सकाळची शाळा सुटून मी घरी आलो होतो आणि दिवस मावळेपर्यंत थांबायची माझी तयारी नव्हती. फाटकाची आतली कडी काठीनं वर उचलता आली. हसनभाई बाहेर भिंतीला टेकून उभा राहिला. मी आत पाऊल टाकलं.

बाग नव्हती.

माती राखेच्या रंगाची होऊन फाटली होती. पपई कमरेत मोडून पडली होती. केळीच्या जागी वाळलेल्या सोपटांचा ढीग होता. अनंताला एकही पान नव्हतं, जाईची दोरी झाली होती. आणि त्या मेलेल्या काड्यांवर तिवया तशाच उभ्या होत्या, मडकी टांगलेली, ओलसर, जिवंत. प्रत्येकाच्या खाली भांडं ठेवलेलं होतं. कुठं पितळी, कुठं पातेलं, कुठं परात, कुठं घंगाळ. घरातला सगळा संसार अंगणात मांडला होता. त्यात थेंब पडत होते. टप. टण्. ढब्ब. बाहेरून ऐकलं होतं ते इथं चारी बाजूंनी येत होतं.

त्या सगळ्याच्या मधोमध आबा उभे होते. अंगावर हाडं तेवढी उरली होती. ते जाईच्या वाळक्या काडीवर वाकून मोठ्यानं, लाडानं बोलत होते, "अगं, आज बघू तर तुझी शेंड्याची पालवी! कशी लाजतीया बघा!"

पळावंसं वाटलं, पण पळण्यासाठी पाठ फिरवावी लागली असती आणि तेवढा धीर नव्हता. तेवढ्यात आबांनी मान वर केली. मला पाहिलं. मी तोंड उघडणार तोच त्यांनी ओठांवर बोट ठेवलं, झपाझप जवळ आले आणि माझ्या कानाशी लागून कुजबुजले, "मास्तर, पाया पडतो. बोलू नगासा. तिला म्हायती न्हाय."

"कुणाला?"

त्यांनी खिडकीकडं मान वळवली. आतून, त्याच अंधारातून, आवाज आला, "आवं, कोण आलंय?"

माझ्या जिवात जीव आला. आक्का होती. आवाज बारीक झाला होता, पण होती.

आबांनी मला भिंतीच्या कोपऱ्यात ओढलं. "वैशाखातच गेली सगळी. दोन माणसांना प्यायला पुरंना, झाडाला कुठलं घालू? माझी अंघोळ सोडली, माझं प्यायचं निम्मं केलं, तरी पुरंना. पर तिला कसं सांगू? डोळं गेल्यावर ती दोन वर्सं बोललीच न्हाई, मास्तर. मग मी हितलं एक एक सांगाय लागलो, कळी आली, पान आलं, तवा तोंड उघडलं तिनं. आता बाग गेली म्हणून सांगितलं तर ती बी..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. मग एकदम त्यांच्यातला कोठीवाला जागा झाला. "पाणी वाया जात न्हाय हां. हे तेच पाणी हाय. खाली पडतंय, मी उचलून परत वर घालतोय. तिला ठिबकलेलं ऐकू आलं पायजे एवढंच. अन् खिडकीत गजरा ठेवतो, वासाला. फाटक लावलं ते एवढ्यासाठीच. गल्लीतलं कोण तरी आलं, अन् 'अगं बाई, काय झालं हो झाडांचं' म्हणून गेलं, तर?"

एवढे दिवस आम्ही सगळे त्या कुंपणाबाहेर भुताला भीत बसलो होतो आणि आत हा माणूस आमच्या तोंडाला भीत होता. मी नुसता त्यांचा हात धरला.

"मास्तर आल्यात," आबा खिडकीकडं वळून ओरडले.

"मग हुबं काय करतासा? आत आणा की. गुळपाणी द्या त्येस्नी."

मी आत गेलो. अंधाराला डोळे सरावल्यावर बाजेवरची आक्का दिसली. लहानखुरी, ठसठशीत कुंकू लावलेली, केस नीट विंचरलेले. विंचरणारा कोण हे उघड होतं. खिडकीच्या गजाला मोगऱ्याचा गजरा अडकवला होता. आबा गूळ काढायला स्वयंपाकघरात गेले. डब्यांचा आवाज व्हायला लागला तशी आक्कानं हात पुढं केला आणि चाचपत माझं मनगट घट्ट धरलं.

"तम्मा," ती म्हणाली. तिच्या माहेरी धाकट्या भावाला तम्मा म्हणतात. "बागेत काडी तरी उरली का रं?"

मी स्वयंपाकघराच्या दाराकडं पाहिलं.

"मी आंधळी हाय. भैरी न्हाय. थेंब मातीत पडला तर वाजतोय व्हय? चैतात मला काय बी ऐकू येत नव्हतं. मग एक दिस पितळीत वाजलं, दुसऱ्या दिशी परातीत. तवाच कळलं, एक एक चाललंय. पपई गेली ती मला घंगाळानं सांगितलं." ती हसली. "अन् हा गजरा! केळीच्या सोपटानं बांधलाय, त्येचा वास येतोय. झाडावर कुणी गजरं बांधतंय का?"

"मग तुम्ही त्यांना सांगत का नाही?" मी कुजबुजलो.

"सांगितलं तर ते दिसभर काय करतील? कोठी सुटली, पोरंबाळं न्हाईत, झाडं मेली. सकाळी उठून भांडी लावत्यात, वाती बदलत्यात, मेल्या काड्यास्नी लाडं लाडं बोलत्यात, अन् संध्याकाळी माझ्यापाशी बसून बाग सांगत्यात. लई झ्याक सांगत्यात. माझं डोळं हुतं तवा बी बाग एवढी चांगली नव्हती." तिनं माझं मनगट हलवलं. "मी मुद्दामच बोलणं कमी केलंय. लई बोललं तर तोंडातनं जायचं. आता ते आलं की मी तुला इचारीन. सांग कायतरी. पर एकदम बाग फुलवू नगोस. उन्हाळा हाय, एखादी कळी सांग. लई सांगितलंस तर त्येंला कळंल, मला कळलंय म्हणून."

आबा गुळाचा खडा आणि अर्धं फुलपात्र पाणी घेऊन आले. दोन माणसांना न पुरणाऱ्या पाण्यातलं ते अर्धं फुलपात्र होतं. मला ते पिववेना आणि न पिऊन चालणार नव्हतं. मी एक घोट घेतला.

"मास्तर, तुमी आता बागेतनं आलासा," आक्का नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाली, "हे मला रोज सांगत्यात, पर ह्येंच्यावर भरवसा न्हाय माझा. खरं सांगा. अनंताचं काय?"

आबा माझ्याकडं बघत होते. मी जन्मात एवढ्या काळजीनं कधी खोटं बोललो नव्हतो, आणि मुलांना खोटं बोलू नये म्हणून छड्या मारण्यात माझी बरीच वर्षं गेली होती.

"अनंत जरा रोडावलाय," मी म्हणालो. "पण शेंड्याला एक कळी आहे. अजून मिटलेली."

आबांनी सोडलेला श्वास मला ऐकू आला. आक्कानं मान हलवली. "एकच व्हय? असू दे. ह्या उन्हात एक बी लई झाली."

मी बाहेर पडलो. आबा मला पोचवायला खिडकीपर्यंत आले आणि तिथंच एका मडक्यात पाणी घालत थांबले. फाटकाशी येतो तर हसनभाई आत घुसलेला. माझी किंकाळी ऐकू येईना म्हणून मी मेलो असं समजून तो हातात नालबंदाचा हातोडा घेऊन आला होता. त्यानं समोर बघितलं. मोडलेली पपई, वाळक्या काड्या, त्यावरची मडकी, खालची भांडी. त्याचं तोंड उघडलं. ते उघडल्यावर गल्लीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल असा आवाज बाहेर येणार हे मला माहीत होतं.

मी त्याचं मनगट धरलं आणि खिडकीकडं बोट दाखवलं. खिडकीत आक्काचा चेहरा जरा पुढं आला होता. तिनं कान दिला होता. मडक्यापाशी आबा तांब्या हातात धरून दगडासारखे उभे होते.

हसनभाईनं खिडकीकडं पाहिलं. आबांकडं पाहिलं. गजाला लटकलेला महाद्वारातला गजरा पाहिला. हातोडा हळूच पाठीमागं घेतला. मग त्यानं छाती भरून श्वास घेतला आणि ओरडला, "आयला आबा, काय वास सुटलाय हो मोगऱ्याचा! पार रस्त्यापर्यंत येतोय की!"

आबांनी खांद्यावरच्या पंच्यानं तोंड पुसलं. आतून आक्का हसत होती.